अर्धा ग्लास रस: शुगर असताना गोड पेयं कशी निवडायची

माझ्या आईला शुगर निघाली त्याला आता बारा वर्षं झाली. पहिली चार वर्षं आमच्या घरात एकच नियम होता: गोड बंद. चहा बिनसाखरेचा, सणाला पुरणपोळीचा घाससुद्धा नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आई पन्ह्याचे पेले भरून सगळ्या बायकांना द्यायची आणि स्वतः पाणी प्यायची. मग एका एप्रिलमध्ये कोपऱ्यावरचा रसवंतीवाला मला सहज बोलून गेला, "काकू येतात की अधूनमधून. फुल ग्लास, बिनबर्फाचा."

मला राग आला नाही, वाईट वाटलं. आईला रस चोरून प्यावा लागत होता. चोरून प्यायचा म्हणून भाजी आणायला निघताना, रिकाम्या पोटी, घाईघाईने, आणि पुन्हा कधी मिळेल ठाऊक नाही म्हणून पूर्ण ग्लास. उसाचा रस ज्या ज्या प्रकारे पिऊ नये, त्या सगळ्या प्रकारे ती तो पीत होती, आणि तिला तसं करायला आमच्या नियमाने भाग पाडलं होतं.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. तिच्या डॉक्टरांना विचारलं, आहारतज्ज्ञांकडे दोनदा जाऊन आले, घरच्या मशीनवर तिची साखर पुन्हा पुन्हा मोजली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. हे टाइप टू मधुमेह असलेल्या, तब्येत बऱ्यापैकी स्थिर असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. टाइप वन, गरोदरपणातली साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर हिशेब वेगळे असतात, ते आपापल्या डॉक्टरांबरोबरच करावेत.

सगळ्या रक्तात एक चमचा

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. मशीनवर १०० आकडा आला, तर त्याचा अर्थ १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे. गुणाकार करून बघा. सगळ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. शरीर दिवसरात्र धडपड करून हा एवढासा चमचा सांभाळत असतं.

आता उसाच्या रसाचा ग्लास घ्या. रसात साखर साधारण १२ ते १५ टक्के असते. २५० मिलिलिटरचा ग्लास धरला तर ३० ते ३५ ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे. ही सगळी साखर एकदम रक्तात जाऊन साठत नाही हे खरं, ती येत असते तशी पेशींमध्ये आणि यकृतात जातही असते. पण जिथे एका चमच्याचा कारभार चालतो तिथे अर्ध्या-पाऊण तासात सात चमचे येऊन धडकतात, हे चित्र मला फार उपयोगी पडलं. आईलाही पडलं. त्यानंतर तिने मला "एका ग्लासाने काय होतंय" असं म्हटलं नाही.

पण मग पोळीत, भातात, भाकरीतही शेवटी साखरच असते ना? असते. मधल्या आकाराच्या पोळीतून १५ ते २० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. फरक वेगाचा आहे. पोळी चावावी लागते, ती भाजी-आमटीबरोबर पोटात घोळते, डाळीतली प्रथिनं, तेल आणि चोथा मिळून तिला पुढे सरकायला वेळ लावतात. रसाला यातलं काहीच करावं लागत नाही. तो प्यायला की थोड्याच वेळात आतड्यात आणि तिथून रक्तात.

ज्याला मधुमेह नाही त्याचं स्वादुपिंड अशा वेळी पहिल्या काही मिनिटांतच इन्सुलिनचा एक मोठा लोट सोडतं आणि पूर तिथल्या तिथे आवरला जातो. टाइप टू मधुमेहात नेमका हा पहिला लोटच लवकर क्षीण होतो. इन्सुलिन येतं, पण उशिरा. त्यामुळे सावकाश येणारी साखर शरीर कसंबसं सांभाळून घेतं, धावत येणारी सांभाळता येत नाही. मधुमेहात पातळ गोडाची भीती जास्त आहे ती एवढ्यासाठी. म्हणूनच एखादी छोटी करंजी आणि एक ग्लास मोसंबी रस यांत करंजी निरुपद्रवी ठरू शकते, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी.

कोणत्या पेल्यात किती

आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण अंदाज यावा म्हणून सांगते. बाटलीतल्या नेहमीच्या कोलात १०० मिलिलिटरला साधारण ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत २७ ग्रॅमच्या आसपास. आंब्याचं म्हणून मिळणारं डबाबंद पेय बहुतेकदा त्याहूनही गोड असतं. गाडीवरच्या लस्सीच्या ग्लासात दह्याची स्वतःची साखर आणि वरून घातलेले तीन-चार चमचे धरून २५ ग्रॅम सहज भरतात. पीयूष तर मुळात श्रीखंड पातळ करून केलेलं, आणि मस्तानी म्हणजे गोड दूध आणि त्यावर आइस्क्रीम. ही दोन्ही पेयं नाहीत, ती मिठाई आहेत, आणि मिठाई म्हणूनच चमच्याने, चार जणांत वाटून खावीत.

मोसंबीचा किंवा संत्र्याचा रस लोकांना सोज्वळ वाटतो. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण तोच नेतो. पण साखर न घातलेल्या रसातही १०० मिलिलिटरला ८ ते १० ग्रॅम साखर असते. एका ग्लासासाठी तीन-चार मोसंब्या पिळतात. तीन-चार मोसंब्या सोलून खायला कोणी बसत नाही, एकीतच मन भरतं, आणि तिच्याबरोबर चोथा पोटात जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी शिफारस केली, तिच्यात फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवली आहे आणि अख्ख्या फळातली साखर त्यातून वगळली आहे. त्या शिफारशीनुसार रोजच्या २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने अशी मोकळी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि जमलं तर २५ च्या आत. ही मर्यादा धडधाकट माणसांनाही लागू आहे. एका ग्लास उसाच्या रसाने दिवसाचा पंचवीसचा कोटा संपून वर उरतो.

शहाळं यांत बरंच सौम्य. एका शहाळ्यातून साधारण २०० ते ३०० मिलिलिटर पाणी निघतं आणि त्यात साखर ८ ते १५ ग्रॅम. महिन्यातून दोन-चारदा उन्हातून आल्यावर शहाळं प्यायला बहुतेकांना हरकत नसते. पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी कमजोर असेल, किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल अशा गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारायला हवं. शुगरवाल्यांमध्ये अशी माणसं थोडीथोडकी नाहीत, आणि "शहाळं तर औषधासारखं" म्हणून नेमकं त्यांनाच रोज आणून दिलं जातं.

ताक मात्र बिनधास्त. पातळ ताकाच्या ग्लासात साखर जेमतेम ३ ते ५ ग्रॅम. जिरेपूड, आलं, कोथिंबीर, हिंग घातलेला मठ्ठा हे महाराष्ट्राचं मधुमेहींना मिळालेलं वरदान आहे असं मी मनापासून म्हणते. मिठाचा हात तेवढा आखडता ठेवावा, आणि लग्नाच्या पंगतीतला मठ्ठा आधी चाखून बघावा, कारण त्यात साखर घालायची पद्धत आहे.

आगळ आणि अमृत

कोकमाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे फार गोंधळ होतो. कोकम सरबत शुगरला चालतं असं सर्रास ऐकू येतं. कोणतं कोकम?

कोकणात आणि गोव्यात आगळ मिळतं. पिकलेल्या रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, मिठात घातलेला आंबट रस म्हणजे आगळ. त्यात साखर घालत नाहीत. ग्लासभर पाण्यात दोन चमचे आगळ, जिरेपूड आणि हवी तर चिमूटभर साखर घातली की झालं सरबत. सोलकढीही त्याचीच, नारळाचं दूध, लसूण, मिरची घालून. दुसरं असतं अमृत कोकम. रातांब्यांच्या साली साखरेत मुरवून त्यांना सुटलेला पाक म्हणजे अमृत कोकम. बाटली तशीच, रंग तसाच लाल-जांभळा, पण आत बहुतांश साखर. पाहुण्यांकडे "कोकम आहे, घ्या, शुगरला चांगलं असतं" म्हणून जे पुढे येतं ते दहातल्या नऊ वेळा अमृत कोकम असतं.

बाटली विकत घेताना नाव वाचा. आगळ घेतलंत तर गोडाचा लगाम तुमच्या हातात राहतो. आगळात मीठ मात्र खूप असतं, त्यामुळे रक्तदाबवाल्यांनी वरून पुन्हा मीठ घालू नये.

गूळ, मध, नीरा

"साखर नको, गूळ घाल" हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल. गुळात लोह आणि खनिजं थोडी असतात, चव तर सुरेखच असते. पण वजनाने पाहिलं तर गुळाचा फार मोठा भाग साखरच आहे, आणि मधातही सुमारे ८० टक्के साखर. रक्ताला हे विशेषण कळत नाही की ही साखर सेंद्रिय होती, काळ्या गुळाची होती की कारखान्याची. चव आवडते म्हणून गूळ घालावा, आणि मोजताना तो साखरेसारखाच मोजावा. सकाळची ताजी नीराही तशीच. ती नशा आणत नाही, शुद्ध असते, सगळं खरं, पण तिच्यात साखर भरपूर असते.

"याचा ग्लायसेमिक इंडेक्स कमी आहे", म्हणजे याने रक्तातली साखर हळू चढते, असं सांगून विकल्या जाणाऱ्या गोड पदार्थांबद्दल एक गोष्ट कळायला हवी. आपली साखर म्हणजे अर्धा ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. मशीन मोजतं ते फक्त ग्लुकोज. फ्रुक्टोज मुख्यतः यकृताकडे जातं, आणि सतत जास्त आलं तर तिथे त्याची चरबी होते, रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते. म्हणजे ज्यात फ्रुक्टोज जास्त, ते पेय मशीनवर शहाण्यासारखं दिसतं आणि यकृताला गुपचूप त्रास देतं. कमी आकडा दिसला म्हणून ते रोज प्यावं असं मुळीच नाही.

डब्यावर काय वाचायचं

पुढच्या बाजूला फळाचं चित्र असतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत खरं असतं. तिथे १०० मिलिलिटरला एकूण साखर किती ते बघायचं आणि डब्यातल्या मिलिलिटरने हिशेब करायचा. २०० मिलिलिटरचा डबा असेल तर दुप्पट. पुढे "साखर घातलेली नाही" असं छापलेलं असलं तरी फळाची स्वतःची साखर त्यात असतेच. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, घट्ट केलेल्या रसात पाणी मिसळून बनवलेल्या पेयांवर "शंभर टक्के फळांचा रस" असा दावा करायला बंदी घातली. इतकी वर्षं तो दावा वाचून आपण ते डबे आजारी माणसांच्या उशाशी ठेवत होतो.

ओआरएसचं प्रकरण तर याहून गंभीर. जुलाब-उलट्या झाल्या की मधुमेही माणसालाही खरं ओआरएस द्यायचं असतं, "त्यात साखर आहे" म्हणून अडवायचं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे त्याच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे एका ग्लासात तीन ग्रॅमच्या आसपास. तेवढं ग्लुकोज मीठ आणि पाणी आतड्यातून आत ओढून घ्यायला लागतंच. पण औषधाच्या दुकानात त्याच्याच शेजारी, नावात ओआरएस अक्षरं असलेली गोड, फळांच्या चवीची पेयं विकली जात होती, आणि त्यांत साखर कित्येक पट जास्त होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली. तरी दुकानात मागताना "पाण्यात मिसळायची पुडी, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला" असं स्पष्ट म्हणा.

शुगर-फ्रीचं काय

यावर घराघरांत दोन टोकं असतात. एक म्हणतं विष आहे, दुसरं चमच्या-चमच्याने घालतं. जुलै २०२३ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने शुगर-फ्रीमध्ये वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पार्टेमला "कदाचित कर्करोगकारक" या गटात टाकलं. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे असा. त्याच वेळी अन्नातल्या घटकांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ समितीने रोजच्या वापराची मर्यादा होती तीच ठेवली: वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट कोल्ड्रिंकचे ९ ते १४ कॅन प्यावे लागतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन कमी करायला असे गोडवे वापरू नका असंही सांगितलं, पण ती शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही हे तिथेच नमूद केलं आहे.

माझं मत असं झालं आहे: लग्नात किंवा प्रवासात फक्त कोल्ड्रिंकच हाताशी असेल तर साध्यापेक्षा डाएट बरं. त्याने रक्तातली साखर विशेष वाढत नाही. पण रोज दहा कपांत गोळ्या विरघळवत राहिलं तर जीभ गोडाचीच सवय धरून ठेवते. चहात वापरत असाल तर एक व्यवहारी गोष्ट सांगते. अ‍ॅस्पार्टेम उकळलं की त्याची गोडी उडते, म्हणून ते कपात ओतल्यावर घालायचं. स्टीव्हिया आणि सुक्रालोज त्या मानाने उष्णतेत टिकतात. काही पुड्यांमध्ये वजन भरायला डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, तेही रक्तात साखरच होतं, तेव्हा मागची बाजू इथेही वाचाच.

मग प्यायचं कसं

आता आमच्या घरात काय चालतं ते सांगते. त्यातलं तुम्हाला काय जमेल ते तुम्ही बघा.

रसवंतीवर हाफ ग्लास मिळतो, तोच मागायचा. आई आता "हाफ, आलं-लिंबू जास्त" असं सांगते, तेही माझ्याबरोबर, बाकावर बसून, चक्राला बांधलेल्या घुंगरांचा आवाज ऐकत. अर्ध्या ग्लासात साखर साधारण पंधरा ग्रॅम. ज्या दिवशी तो प्यायचा त्या दिवशी जेवणात भात नाही, किंवा एक पोळी कमी. हा अदलाबदलीचा हिशेब अगदी बरोबरीचा नाही, पोळी सावकाश पचते आणि रस पळत सुटतो, पण दिवसाची बेरीज तरी आवाक्यात राहते. "रस घेतला म्हणून दुपारचं जेवणच टाळलं" हे मात्र कधीही नको, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लायमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी.

रिकाम्या पोटी नाही. जेवणानंतर, किंवा निदान मूठभर शेंगदाणे-फुटाणे खाऊन. पोटात आधीच काही असलं की रसाची धाव मंदावते. घोट घोट प्यायचा. आणि मग दहा-पंधरा मिनिटं चालायचं. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात. जेवणानंतरच्या शतपावलीचं बळ मला मशीनवर दिसलं तेव्हा खरं पटलं.

मोजून बघणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं वागतं. पेय घेण्याआधी एकदा आणि नंतर एका तासाने, जमलं तर दोन तासांनीही. आईचे आकडे मी वहीत लिहून ठेवले. जेवणानंतर घेतलेल्या अर्ध्या ग्लास उसाच्या रसाने एका तासात ती १२६ वरून १८४ वर गेली. संध्याकाळी चार वाजता, रिकाम्या पोटी घेतलेल्या "बिनसाखरेच्या" मोसंबी रसाच्या पूर्ण ग्लासाने ११८ वरून २३१. साधारणपणे खाण्यानंतर १८० च्या आत राहावं असं डॉक्टर सांगतात, तुमची मर्यादा त्यांना विचारून घ्या. आईला जो रस पापासारखा वाटत होता तो अर्ध्यावर आणल्यावर थोडक्यात सीमेबाहेर गेला, आणि जो औषधासारखा वाटत होता त्याने कहर केला. त्या दोन ओळींनी तिला जे शिकवलं ते माझ्या चार वर्षांच्या ओरडण्याने जमलं नव्हतं.

मोजण्याआधी हात साबणाने धुवा. बोटाला आंब्याचा किंवा रसाचा अंश चिकटलेला असेल तर मशीन खोटा मोठा आकडा दाखवतं. एकदा आंबे चिरून लगेच मोजल्यावर आमची पाचावर धारण बसली होती. हात धुऊन पुन्हा मोजलं तर सगळं ठीक होतं.

पन्हं आम्ही पूर्वी एक वाटी कैरीच्या गराला दीड वाटी गूळ असं करायचो. सहा-सात पेल्यांत वाटलं तर प्रत्येकी २५ ग्रॅमच्या वर गोड. आता सगळ्यांसाठीच गूळ निम्म्यावर आला आहे. वेलची, केशर, जायफळाचा वास गोडीचा भास वाढवतो, चिमूटभर मीठही वाढवतं. आणखी एक: बर्फगार पेय जिभेला कमी गोड लागतं, म्हणून गार पेयात आपण नकळत जास्त साखर घालतो. कोमट झालेलं कोल्ड्रिंक किती गोडमिट्ट लागतं आठवून बघा. पन्हं माठातल्या पाण्याने केलं तर कमी गुळात भागतं. आई छोट्या पेल्यातून, अर्धा पेला घेते. बरोबर कैरीची डाळ असतेच, आणि भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखा सोबती पन्ह्याला दुसरा कोणता मिळणार?

कोजागिरीच्या मसाला दुधाचंही तसंच. दुधात मुळातच १०० मिलिलिटरला ५ ग्रॅमच्या आसपास दुधाची साखर असते, आटवलं की ती दाट होते. बदाम-पिस्त्यांनी ते सावकाश पचतं हे खरं, पण ते मध्यरात्री, भरपेट जेवणावर येतं. त्या रात्री जेवण हलकं ठेवायचं आणि दूध अर्धा कप.

ज्यांच्या घरी हळदीकुंकू, बारसं, गृहप्रवेश आहे त्यांना माझी एक विनंती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. तुमच्या पाहुण्यांत त्यातलं कोणी ना कोणी असणारच. ताटात पन्ह्याबरोबर मठ्ठ्याचेही पेले ठेवा, आणि कोणी नको म्हणालं तर "एका घोटाने काय होतंय" असा आग्रह करू नका. तो एक घोट त्यांनी कदाचित आठवडाभर दुसऱ्या कशासाठी राखून ठेवला असेल.

आणि रोजचा चहा

अधूनमधूनच्या पेयांवर एवढं लिहिलं, पण बहुतेक घरांत साखर शिरते ती रोजच्या चहातून. दोन चमचे साखरेचा कप दिवसातून चारदा म्हणजे आठ चमचे, ३५ ते ४० ग्रॅम. हा रोज एक फुल ग्लास उसाचा रस झाला, वर्षाचे ३६५ दिवस. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसीची तपासणी चैत्रातल्या एका पेल्याने फारशी हलत नाही, या चहाने हलते. तेव्हा कुठून सुरुवात करायची असेल तर इथून. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत आणलं तर जिभेला कळतही नाही. आईचा चहा बिनसाखरेचा आहे म्हणूनच तिच्या महिन्यात दोन अर्ध्या ग्लासांना जागा आहे.

गोड औषध असतं तेव्हा

एका प्रसंगी हे सगळे नियम बाजूला ठेवायचे. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, एकदम भूक लागते, माणूस चिडचिडा किंवा गोंधळलेला होतो. इन्सुलिन, ग्लायमेपिराइड, ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. तेव्हा लगेच १५ ग्रॅम पटकन भिनणारं गोड द्यायचं: पाण्यात तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर, नाहीतर अर्धा कप साधं कोल्ड्रिंक. डाएट चालत नाही. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीने उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून ७० च्या आत असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं, आणि साखर वर आली की पोळी-बिस्किटासारखं काहीतरी खायला द्यायचं.

यात एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच जणांना कोणी सांगितलेला नसतो. जेवणाबरोबरच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकारबोज असेल तर ते औषध आतड्यात साध्या साखरेचं विघटनच लांबवतं. अशा माणसाची साखर उतरली तर घरातली साखर, गूळ, उसाचा रस वेळेवर कामाला येत नाहीत. त्याला थेट ग्लुकोजच लागतं. गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव आहे का ते आज बघा, आणि असेल तर औषधाच्या दुकानातून साधी, बिनस्वादाची ग्लुकोज पावडर आणून एक पुडी पर्समध्ये, एक उशाशी आणि एक शेजारच्या काकूंकडे ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.